फोटोपुरती खोली

"तोंड उघड," शेठाणीबाई म्हणाल्या.

मायनं तोंड उघडलं.

शेठाणीबाईंच्या चिमटीत बर्फी होती. त्यांनी ती मायच्या ओठांपर्यंत नेली, हात तिथंच धरला आणि मान कॅमेऱ्याकडं वळवून हसल्या. फोटोवाला वाकला. त्याचा फ्लॅशचा बल्ब उडालाच नाही. तो म्हणाला, "एक बार और, बहनजी."

तोवर पहिली बर्फी मायच्या तोंडात गेली होती. ती गिळायच्या आत दुसरी आली. माय घाईघाईनं चावायला लागली. फोटोवाला म्हणाला, "चबाना नहीं, अम्मा. मुँह खुला रखो." मायनं तोंड उघडं ठेवलं. अर्धवट चावलेली बर्फी आत दिसत होती. पडलेल्या दाताची जागा दिसत होती. बाजारात बैल घ्यायचा असला की असंच तोंड उघडायला लावतात, गिऱ्हाईक आत डोकावतं. टेबलाभोवती बसलेल्या बाया कौतुकानं बघत होत्या. कुणीतरी मराठीत म्हणालं, किती साधी आहे हो.

तिसऱ्या वेळी बल्ब उडाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग वेटरनं काचेच्या वाटीत कोमट पाणी आणलं. त्यात लिंबाची फोड होती. शेठाणीबाईंनी त्यात बोटं बुडवली, एकेक बोट पुसलं. मग अंगठी काढली. ती वाटीत खळबळली, पुसली, परत घातली. शेजारच्या बाईशी त्यांचं बोलणं चालूच होतं. कुणापासून लपवावं असं त्यांना वाटलंच नाही.

मायनं ते बघितलं. मीही बघितलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.

हे मुंबईचं. समुद्राला लागून एक मोठं हॉटेल होतं, तिथल्या जेवणाच्या हॉलमधलं. चीनची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. देश एक करायचे दिवस होते ते. भिंतींवर लिहिलेलं असायचं, आम्ही सारे एक. शाळांमधून शपथा व्हायच्या. आमच्या बऱ्हाणपूरच्या शेठाणीबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा. लढाईच्या वेळी त्यांनी सोन्याच्या बांगड्या दिल्या होत्या, तो फोटो पेपरात आला होता. आता मुंबईला एकतेचं संमेलन भरणार होतं. प्रत्येक प्रांतातून बायका येणार होत्या, आणि प्रत्येक मंडळानं आपल्यासोबत एक हरिजन मायलेकींची जोडी आणायची होती. मध्यप्रदेशातून आम्ही.

माय त्यांच्याच जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. कापूस उडायचा तो तिच्या छातीत जायचा, म्हणून तिला बारमाही खोकला. बाप मी लहान असतानाच गेला. मायनं त्या खोकल्यावर मला शिकवलं. मी तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगचं दुसरं वर्ष करत होते.

आमची वस्ती शनवारा दरवाज्याबाहेर, उताराला. वस्तीत पाण्याचा थेंब नाही. ताप्तीवरून आणायचं. घाट उतरायचा, घागरी भरायच्या, घाट चढायचा. गावात इतवारा मोहल्ल्यात नळ होता, पण तिथं गेलं तर सगळ्यांचं भरून होईस्तोवर लांब उभं राहायचं. सगळ्यांचं भरून झालं की पाणी जायचं. मग रिकाम्या घागरी घेऊन नदीवर.

शेठाणीबाई एक दिवस टांग्यातून वस्तीच्या तोंडाशी आल्या. जन्मात पहिल्यांदा. खाली उतरल्या नाहीत. मायला बोलावून घेतलं आणि सांगितलं की मुंबईला चला, मोठ्या हॉटेलात राहाल, आमच्या बरोबरीनं जेवाल. परत आलो की तुमच्या वस्तीत नळ. शेठजी नगरपालिकेत होते. त्यांनी शब्द दिला होता.

हे सगळ्या वस्तीनं ऐकलं. त्या दिवसापासून आम्ही दोघी वस्तीच्या झालो. शेजारच्या सखूबाईनं मायला आपल्या सुनेच्या नव्या चपला दिल्या. कुणी पत्र्याची पेटी दिली. कुणी वाटेत खायला भाकरी आणि ठेचा बांधून दिला. सखूबाई म्हणाली, तिथं काही म्हटलं तरी हो म्हणा, एवढा नळ पदरात पाडून घ्या.

मला जायचं नव्हतं. त्या शब्दासाठी. आमच्या वस्तीनं जुना धर्म टाकला होता, त्यासोबत तो शब्दही टाकला होता. वस्तीत कुणी पोर चुकून हरिजन म्हणालं तर त्याच्या पाठीत धपाटा बसायचा. मी मायला म्हटलं, तिथं आपल्याला तेच म्हणतील.

माय म्हणाली, "म्हणू दे. शब्द त्याहिचा, पाणी आपलं. जाऊन येऊ."

गाडीत शेठाणीबाई पहिल्या वर्गात होत्या, आम्ही तिसऱ्या. भुसावळला त्यांनी मला खाली बोलावून घेतलं आणि फलाटावर उभं करून एक भाषण शिकवलं. हिंदीत होतं. मैं एक हरिजन की बेटी हूँ. मुझे किसी ने छुआ नहीं था. बहनजी ने मुझे छुआ, मुझे ऊपर उठाया. असं पुढं बरंच. गाडी सुटायच्या आत मी ते दोनदा म्हणून दाखवलं. त्यांना आवडलं. म्हणाल्या, आवाज थोडा कापरा ठेव.

हॉटेलात पोचलो तर आम्हाला खरोखर वरच्या मजल्यावर नेलं. लाल गालिचा होता. खोलीचं दार उघडलं आणि समोर अख्खा समुद्र. माय उंबऱ्यावरच थबकली. चपला काढून हातात घेतल्या. दोन पलंग, पांढऱ्या शुभ्र चादरी, पडदे, आरसा, टेबलावर फुलं. मायला पलंगावर बसवलं. गादी एवढी खाली गेली की ती घाबरून माझा हात धरायला लागली, आणि मग हसली. तोंडावर पदर घेऊन हसली. मी तिला असं हसताना फार कमी वेळा बघितलं आहे. तेवढ्यात फोटोवाल्यानं फोटो काढला. एक तिचा, एक आम्हा दोघींचा, एक शेठाणीबाई मध्ये बसून.

फोटो झाल्यावर शेठाणीबाई म्हणाल्या, "चला, आता सामान उचला."

मला वाटलं, चुकीची खोली असेल. आम्ही पेटी उचलून त्यांच्या माणसामागं निघालो. त्यानं मागच्या जिन्यानं खाली नेलं, स्वयंपाकघराच्या पलीकडं. तिथं पाहुण्यांच्या आया आणि ड्रायव्हर झोपायचे. जमिनीवर सतरंज्या होत्या. एका कोपऱ्यात पेटी ठेवून तो गेला. जिना उतरताना मी वळून वर बघितलं होतं, तेव्हा एक नोकर त्या पलंगांच्या चादरी काढून घेऊन चालला होता. ती खोली फोटोपुरती होती.

माय म्हणाली, बरं झालं, त्या गादीवर मले झोप लागली नसती.

संमेलनाचे लोक पेपरवाल्यांना सांगत होते की या भगिनी आमच्यासोबत याच हॉटेलात उतरल्या आहेत. ते खोटं नव्हतं. आम्ही त्याच हॉटेलात होतो.

मायला समुद्र जवळून बघायचा होता. वस्तीत गेल्यावर सगळे विचारतील. आम्ही दुपारी पुढच्या बाजूनं वाळूकडं निघालो तर चौकीदारानं काठी आडवी धरली. इधर से नहीं. मी म्हटलं, आम्ही संमेलनाच्या पाहुण्या आहोत. त्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि काठी तशीच ठेवली. रागावला नाही, ओरडला नाही. त्याला तसं सांगितलेलं असणार. मग स्वयंपाकघरामागच्या भिंतीशी सोड्याच्या बाटल्यांचं खोकं होतं, त्यावर माय चढली. मी तिची कंबर धरली. भिंतीवरून ती बघत राहिली.

"एवढं पाणी," ती म्हणाली. "आन् पेता येत नाही म्हनतात."

त्याच दिवशी जेवणाच्या वेळी ते बर्फीचं झालं, जे मी आधी सांगितलं.

त्यानंतर माय जेवली नाही. आम्हाला टेबलाच्या टोकाला वेगळं वाढलं होतं. त्यांच्यासमोर चिनी मातीच्या बश्या, आमच्यासमोर पानं. मायनं भात कालवला आणि तसाच ठेवला. मी काय विचारणार? नळाचं ओझं तिच्या डोक्यावर होतं, तेच माझ्या. मी मनात भाषण घोकत बसले.

दुसऱ्या दिवशी मोठी सभा. दिल्लीचे पाहुणे येणार होते. मी माझी ट्रेनिंगची साडी नेसले. पांढरी, निळ्या काठांची. मायनं निघायच्या आधी ती नीळ घालून धुतली होती, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. वेणी घातली. पायात चप्पल. आरशात बघितलं तेव्हा बरी दिसत होते. अंगात थोडं बळ आलं.

शेठाणीबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही तर आपल्यासारखीच दिसते," त्या बाजूच्या बाईला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "हरिजन लगना चाहिए ना, बेटा. असं कसं चालेल?"

मी म्हटलं, माझ्याकडं दुसरी चांगली साडी नाही. त्या म्हणाल्या, चांगली नकोच आहे.

त्यांनी हॉटेलच्या माणसाला काही सांगितलं. त्यानं मला खाली नेलं. जिन्याखाली एक कोठडी होती, झाडू, बादल्या, फरशी पुसायची फडकी ठेवायची. तिथं हॉटेलची झाडूवाली होती. सातारकडची. मायच्याच वयाची असेल. त्या माणसानं तिला सांगितलं की तुझी साडी उतरव, हिला दे, तासाभरात परत मिळेल. तिनं का म्हणून विचारलं नाही. बहुतेक तिला तिथं कधीच काही विचारायची सवय नव्हती. तो बाहेर गेल्यावर तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि साडी सोडली. विटकी, गुडघ्यावर ठिगळ लावलेली. कोपऱ्यात धुवायला टाकलेला टेबलावरचा मोठा पांढरा कपडा होता, तो तिनं अंगाभोवती गुंडाळला.

मी माझी साडी तिच्यापुढं धरली. म्हटलं, तोवर ही नेसा.

"नगं," ती म्हणाली. "मुकादमानं बघितलं तर चोरीचा आळ घालंल. आन् जपून नेस, बाई. फाटू देऊ नको. कामावर नेसायला येवढी येकच हाय."

तिची साडी तिच्या अंगाच्या उबेनं गरम होती. मी ती नेसले. निऱ्या पडत नव्हत्या. ती बादली उलटी करून बसली, गुडघे जवळ घेऊन, तो पांढरा कपडा गळ्यापर्यंत ओढून. हॉलमध्ये टेबलांवर तसलेच कपडे होते. बाहेर कुणाची पावलं वाजली की ती दाराकडं बघायची.

वर गेले तेव्हा शेठाणीबाई म्हणाल्या, "अब ठीक है." माझ्या केसांतलं तेल त्यांनी रुमालानं टिपलं आणि दोन बटा ओढून कपाळावर आणल्या. पायातली चप्पल काढायला लावली.

हॉल भरलेला होता. माय पहिल्या रांगेत बसलेली, गळ्यात झेंडूचा हार, दोन बाजूंना दोन मोठ्या घरच्या बाया. हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून. तिनं मान वर केली, मला त्या साडीत बघितलं, आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. ट्रेनिंगला लागल्या दिवसापासून तिनं मला कधी ठिगळाची साडी नेसू दिली नव्हती. स्वतः नेसली.

निवेदक गृहस्थ माझी ओळख करून देत होते. माझं नाव त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, किंवा सांगायची गरज वाटली नव्हती. मध्यप्रदेश की हरिजन कन्या, ते म्हणाले. मी माईकसमोर गेले. पहिलं वाक्य ओठांवर आणलं. मैं एक. तिथंच अडले.

खरं सांगते, शौर्य वगैरे काही नव्हतं. डोळ्यांसमोर नळ होता, सखूबाई होती, जिच्या चपला माय घालून आली होती ती तिची सून होती. मला ते भाषण म्हणायचंच होतं. पण अंगावरची साडी गार व्हायला लागली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. ती बाई खाली बसली आहे. पांढरा कपडा धरून. मी जितका वेळ बोलेन तितका वेळ तिला बसावं लागणार.

मी म्हटलं, "मैं हरिजन नहीं हूँ." मग माझं नाव सांगितलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. म्हटलं, "मैं पढ़ी-लिखी हूँ. मास्टरनी बनूँगी. यह साड़ी मेरी नहीं है. जिसकी है, वह नीचे कोठरी में मेज़पोश लपेटकर बैठी है. उसकी साड़ी इसलिए उतारी, कि मैं गरीब दिखूँ."

मला वाटलं, आता काही तरी होणार. कुणी उठेल. ओरडेल. मला धरून खाली उतरवेल.

टाळ्या वाजल्या.

आधी मागून, मग सगळीकडून. दिल्लीच्या पाहुण्यांनीही वाजवल्या. निवेदक माईकवर आले, माझ्या खांद्याला न लागता हात खांद्याजवळ धरला, आणि म्हणाले, "देखिए, बेटी का गला भर आया." टाळ्या आणखी वाढल्या. काही बाया डोळे पुसत होत्या. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. त्यांना जे ऐकायचं होतं ते घरून ऐकूनच आल्या होत्या. मी पुन्हा बोलायला गेले तर माईक निवेदकांच्या हातात होता. फक्त शेठाणीबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांना नीट ऐकू आलं होतं.

मी तिथं उभी. जे होतं नव्हतं ते सगळं बोलून झालेलं. आणि काही घडलं नव्हतं. तेवढं लाचार मला त्या बर्फीच्या वेळीही वाटलं नव्हतं. मार बसला असता तर मार बसला म्हणून सांगता आलं असतं. टाळ्यांचं काय सांगायचं?

मग माय उठली. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. शेजारच्या बाईनं तिचा हात धरून खाली बसवायला बघितलं, तिनं हळूच सोडवून घेतला. स्टेजच्या पायऱ्यांपाशी आली. वर चढली नाही. आमच्या घरच्या बोलीत, घरात बोलावं तसं म्हणाली,

"चाल व. त्या बाईची साडी देऊन येऊ. वाट पाहत असन ते."

मी खाली उतरले. आम्ही दोघी मधल्या वाटेनं दारापर्यंत गेलो. टाळ्या अजून चालूच होत्या.

कोठडीत ती बाई तशीच बसली होती. मी साडी सोडून तिच्या हातात दिली. तिनं आधी ती उलटीपालटी करून बघितली. फाटली नव्हती. नेसता नेसता तिनं विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, मी खरं काय ते बोलले, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वाजवत्यातच," ती म्हणाली. "हितं रोज वाजत्यात. मागनं झाडायला आम्हीच." आणि झाडू घेऊन ती निघून गेली. तिचं नाव मी विचारलं नाही. तेव्हा सुचलं नाही.

परतीच्या गाडीपर्यंत कुणी आमच्याशी बोललं नाही. शेठाणीबाई स्टेशनवर आमच्यासमोर आल्या तेव्हा त्यांचे डोळे खरंच भरलेले होते. त्यांना दुःख झालं होतं. मायला म्हणाल्या, "तुम्हाला काय कमी केलं होतं आम्ही?" मग डोळे पुसून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "नळाचं आता विसर."

बऱ्हाणपूरला आल्यावर माय दुसऱ्या दिवशी जिनात गेली. मुकादमानं फाटकातच सांगितलं की काम नाही. का, तेही सांगितलं नाही. पुढं काही दिवसांनी वस्तीतल्या एकानं पेपर आणला. त्यात फोटो होता. मायचं उघडं तोंड, शेठाणीबाईंची बर्फी. खाली लिहिलं होतं, हरिजन माता को मिठाई खिलाते हुए. माझ्या भाषणाबद्दल लिहिलं होतं की मध्यप्रदेशच्या कन्येनं भावुक शब्दांत आभार मानले.

माय तो पेपर बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "मह्या तोंडात काय पाह्यचं होतं यांले?" मग पेपर चुलीत घातला.

वस्तीला काय सांगणार होतो? सगळं सांगितलं. खोली, बर्फी, साडी. म्हाताऱ्या माणसांनी माना हलवल्या. काही तरुण पोरं म्हणाली, चांगलं केलं. पण घागरी पोरं भरत नव्हती. सखूबाई एवढंच म्हणाली, "एक दिवस जीभ आवरली असती तर?"

मी घागर उचलली आणि घाटाकडं निघाले.

त्या उन्हाळ्यात ताप्तीचं पाणी फार खाली गेलं. सखूबाईची सून, जिच्या चपला माय घालून गेली होती ती, गरवार होती. भरल्या घागरी घेऊन घाट चढताना घसरली. बाई वाचली. पोट वाचलं नाही. सखूबाईनं त्यानंतर मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. समोरून आले की ती बाजूला व्हायची आणि मला वाट द्यायची.

मी कित्येक दिवस जेवू शकत नव्हते. ट्रेनिंगला जायची, वर्गात बसायची, फळ्यावरचं काही दिसायचं नाही. पुन्हा पुन्हा वाटायचं, चार वाक्यं तर होती. म्हटली असती. घोकलेली होती, आवाज कापरा ठेवला असता, एवढ्यात सगळ्या वस्तीला पाणी आलं असतं आणि एक जीव जन्माला आला असता. रात्रंदिवस तेच. मायनं ओळखलं. ती आता जवळच्या दापोरा गावी केळीच्या बागांत मजुरीला जायची, पहाटे निघायची, अंधारून यायची. एका संध्याकाळी हातावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग दगडानं घासत ती बसली होती. ते डाग निघत नाहीत, तरी घासत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली,

"ते नदी काही शेठाणीची नाही. आन् नळ बी नाही तिचा. तिनं कायले द्यावा आन् कायले ठेवावा?"

एवढंच. पुन्हा खोकत घासायला लागली.

इतकी शिकलेली मी, आणि हे मला सुचलं नव्हतं. नळ नगरपालिकेचा. नगरपालिका गावाची. आम्ही गावात राहतो, आम्ही मत देतो. इतवाऱ्यात नळ लागला तेव्हा तिथल्या कुठल्या बाईला मुंबईला नेऊन तिचं तोंड उघडून बघितलं होतं? शनवाऱ्याच्या आतल्या घरांना पाणी मिळालं तेव्हा कुणाच्या लेकीनं स्टेजवर आभार मानले होते? आमचं होतं ते आमच्यापासून अडवून धरलं, मग तेच बक्षीस म्हणून दाखवलं. आणि त्या पोटातल्या जिवाचा ठपका मी आपल्या माथी घेऊन बसले होते. तो माझ्या माथी नव्हता. ज्यांनी अडवलं त्यांच्या माथी होता. हे कळलं म्हणून दुःख कमी झालं नाही. सखूबाई अजूनही मला वाट द्यायची. पण झोप लागायला लागली.

मग मी नगरपालिकेत गेले. माझ्या पांढऱ्या साडीत, चप्पल घालून, एकटीच. पाण्याचं काम बघणारे बाबू टेबलाशी बसले होते. त्यांनी मान वर केली, कुठल्या वस्तीची म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "शेठाणीबाईंनी पाठवलं का?"

"मला कुणी पाठवलेलं नाही," मी म्हटलं. "आमच्या वस्तीत नळ कधी लावता ते विचारायला आले."

ते हसले. म्हणाले, साहेब नाहीत, उद्या ये. मी म्हटलं, उद्या येतेच, पण आज साहेब येईपर्यंत थांबते. त्यांनी बाहेरच्या ओट्याकडं बोट दाखवलं. आमची माणसं तिथंच बसायची, पिढ्यान् पिढ्या, हाक येईस्तोवर. पुष्कळदा हाक यायची नाही.

मी ओट्यावर गेले नाही. टेबलासमोर उभी राहिले. बाबूंनी दोनदा सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं आणि माझ्याकडं पाठ करून बसले. साहेब त्या दिवशी आले नाहीत. ऑफिस बंद झालं, मी घरी आले. दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग सुटल्यावर पुन्हा गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

वस्तीतलं कुणी सोबत आलं नाही. मी कुणाला बोलावलंही नाही. कोण काय देईल आणि कधी देईल, यातलं काही माझ्या हातात नव्हतं. पण एवढं ठरलं होतं की नळ लागेपर्यंत मी त्या टेबलासमोर उभी राहणार, आणि लागला की कुणाचेही आभार मानणार नाही.